कोर्टाकडून आलेला पेशंट

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात बहुतेकांना घरचेच आणतात. बायको, आई, भाऊ, कधी हमालांच्या टोळीचा मुकादमसुद्धा. कोर्टाकडून येणारे थोडेच. पण सगळ्यात जाड फाइल त्यांची, आणि सगळ्यात जास्त फोनही त्यांच्यासाठीच करावे लागतात. मी ठाणे जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करते. अशा एका मुलाच्या बाबतीत वर्षभरात कोणी काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाव कोणाचंच देत नाही.

आधी कायदा, कारण पेशंटच्या घरच्यांना सोडाच, आमच्या क्षेत्रातल्याही अनेकांना तो धड माहीत नसतो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. मोठा साठा सापडला तर दहा ते वीस वर्षं आत, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण त्याच कायद्यात व्यसनी माणसासाठी दोन सोयी आहेत. एक कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. दुसरं कलम ३९. इथे माणूस दोषी ठरलेला असतो, पण कोर्ट त्याचं वय, वर्तन, तब्येत बघून लगेच शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीने त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकतं. जास्तीत जास्त एका वर्षात उपचारांचा अहवाल घेऊन हजर व्हायचं. अहवाल समाधानकारक असेल तर कोर्ट समज देऊन आणि पुढे तीन वर्षांपर्यंत असा गुन्हा न करण्याचं बंधपत्र घेऊन सोडतं. हेरॉईनचं अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत, चरसाचं १०० ग्रॅम, गांजाचं एक किलो. ब्राऊन शुगर हेरॉईनमध्येच धरतात.

म्हणजे कायद्यात सुरुवातीला बंधपत्र आहे आणि शेवटी अहवाल आहे. मधल्या काळात पेशंट दोन दिवस आला नाही तर कोणी कोणाला फोन करायचा, याबद्दल तिथे एक ओळ नाही.

त्याचा फटका या मुलाला आधीच बसला होता. पंचविशीतला पोरगा, भाजी मार्केटात हमाली करणारा. ब्राऊन शुगर पन्नीवर ओढायचा. पुड्या सापडल्या तेव्हा वजन दोन ग्रॅमच्याही आत. पहिल्या वकिलांनी ६४-अ खाली अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि दुसऱ्या एका केंद्रात त्याला दाखल केलं. पंधरवड्यात तिथून तो निघून गेला. हे कोर्टाला कळायला मात्र कित्येक महिने लागले. केंद्राला वाटलं, पोलीस कळवतील. पोलिसांना वाटलं, केंद्र कळवेल. आईला वाटलं, कोणीच न कळवलेलं बरं. मग तारखेला गैरहजर, वॉरंट, पुन्हा अटक. संरक्षण गेलं आणि खटला पुढे सुरू झाला.

आमच्यापर्यंत तो आला तो विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडममुळे. पण त्यांना खरी माहिती दिली कोर्टात पैरवीला, म्हणजे पोलिसांच्या वतीने खटल्यांचं काम बघायला, असणाऱ्या हवालदाराने. मुलगा बाकावर बसून जांभया देत होता, नाक गळत होतं, अंगावर काटा आला होता. "मॅडम, याला टर्की लागलीय. नाटक नाही हे. मी इतकी वर्षं बघतोय," एवढंच तो बोलला. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास. व्यसनाच्या उपचारांवर भाषणं झडतात तेव्हा व्यासपीठावर हवालदार कधी नसतो. पण अटक झालेल्या माणसाला काय होतंय हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

वकील मॅडमना दुसऱ्याच दिवशी मुलगा व्यसनी असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, न तपासता मी कोणाला ताप आहे असंही लिहीत नाही. फोनवर दोघांचे आवाज चढले. दोघांचंही बरोबर होतं. तिला तारीख गाठायची होती, यांना सहीची जबाबदारी होती. शेवटी तपासणीसाठी कोर्टाकडून आदेश घेतला, आणि डॉक्टरांनी व्यवस्थित लिहून दिलं: नशा कधीपासून, किती, कोणत्या मार्गाने, आधी सोडायचा प्रयत्न कधी केला, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या. मग वकील मॅडमनी मुलाला आणि त्याच्या आईला बसवून समजावलं. आता गुन्हा कबूल करायचा आणि ३९ खाली मागणी करायची; दोषी असल्याची नोंद होईल, पण तुरुंगाऐवजी उपचार मिळण्याची शक्यता आहे. तो हो म्हणाला. तुरुंग टाळायला कोणीही हो म्हणेल, असं लोक म्हणतात. म्हणू देत. आमच्याकडे बायकोच्या धमकीने येणारे तरी कुठे मनापासून आलेले असतात? पहिले तीन आठवडे माणूस का आला याला फार किंमत नसते. तो थांबला का, हे बघायचं.

न्यायाधीशांनी सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. से आला तो विरोधाचा: आरोपी एकदा उपचार सोडून पळालेला आहे, पुन्हा पळेल. वाचून मला राग आला. त्यांना भेटले तेव्हा ते फाइल चाळत होते. वर न बघताच म्हणाले, "पळाला तर मला कधी कळणार? परत ओढली तर तुम्ही काय करणार? आणि तुमच्या लेखी उपचार पूर्ण झाले म्हणजे काय झालं? हे लिहून द्या. मग माझ्या से चं बघू."

त्या संध्याकाळी डॉक्टर, मी आणि आमच्या सिस्टर असे आम्ही उपचारांचा आराखडा लिहायला बसलो. तोवर आमच्याकडे असा कागदच नव्हता; प्रत्येकाला आपापलं माहीत, एवढ्यावर चाललेलं. लागोपाठ दोन दिवस डोस चुकला तर त्याच दिवशी परिविक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे बंधपत्रावर सुटलेल्यांवर कोर्टासाठी लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरना, फोन. केंद्र सोडून गेला तर चोवीस तासांत पोलीस ठाण्याला आणि कोर्टाला लेखी. पुन्हा नशा केल्याचं आढळलं तर डॉक्टर नव्याने तपासतील, डोस बघतील, भेटी वाढवतील; एकदा घसरला एवढ्यावरून उपचार फसले असं धरायचं नाही. पूर्ण कशाला म्हणायचं तेही डॉक्टरांनी लिहिलं. ठरलेल्या भेटींना येणं, औषध नियमित घेणं, कामावर परतणं, आणि शेवटच्या काही महिन्यांत तपासण्या स्वच्छ येणं. दोन पानं झाली. केंद्राच्या सरकारी मान्यतेच्या पत्राची प्रत जोडली, कारण कायद्याला मान्यताप्राप्त संस्थाच लागते आणि बेंच क्लार्कने ती आधीच मागून ठेवली होती.

सरकारी वकिलांनी विरोध मागे घेतला नाही. "योग्य आदेश व्हावा" असं लिहिलं. कोर्टात वावरणाऱ्यांना याचा अर्थ कळतो: निर्णय कोर्टावर सोडला, अडून बसले नाहीत. मला आजही वाटतं, त्या वर्षात आमच्या उपचाराला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विरोध करणं हेच ज्याचं काम होतं त्या माणसाचा.

आदेश झाला. बंधपत्र, आई जामीन, आणि परिविक्षा अधिकाऱ्यांनी घरभेटी करून दर महिन्याला कोर्टाला कळवायचं.

दाखल झाल्यावरचे पहिले दिवस इतरांसारखेच गेले. पोटऱ्यांत गोळे, जुलाब, रात्र रात्र जागरण. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. ही गोळी जिभेखाली विरघळू द्यायची असते. अफूजन्य नशा मेंदूत जिथे जाऊन बसते तिथेच ती बसते, पण अर्धवट काम करते. त्यामुळे टर्की थांबते, तलफ मंदावते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. ती अचानक बंद केली तर बहुतेक जण परत पुडीकडे जातात, म्हणून ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं द्यावी लागते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी सरकारच्याच एड्स नियंत्रण कार्यक्रमात ती रोज दिली जाते.

हे पुढच्या तारखेला कागदावर आलं आणि सरकारी वकील उसळले. "नशा सोडवायला नशाच? हे औषध तर एनडीपीएसच्या यादीतच आहे!" आहेच. बाजारात ते सरसकट मिळत नाही, व्यसनमुक्तीची सोय असलेल्या ठिकाणीच मिळतं. आमच्या डॉक्टरांना कोर्टात बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी ते बोलले. गोळीवर असलेला माणूस आणि पुडीवर असलेला माणूस यांचा दिवस कसा जातो ते त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत सांगितलं. पैसे कुठून येतात, कामावर किती वाजता जातो, रात्री कुठे असतो. औषधशास्त्राचा एक शब्द नाही. न्यायाधीशांनी एकच विचारलं, गोळी कोण देतं? सिस्टर समोर उभं करून देतात, तोंड उघडून बघतात, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली.

गोळीने आणखी एक घोळ घातला. काही महिन्यांनी डॉक्टर त्याला दोन-तीन दिवसांचा डोस घरी न्यायला देऊ लागले, कारण मार्केटची पाळी पहाटेची. एका रात्री बीटवरच्या पोलिसांनी त्याला हटकलं आणि खिशात स्ट्रिप सापडली. जुना आरोपी, खिशात यादीतलं औषध. त्याने डॉक्टरांचं पत्र दाखवलं, ते कोणी धड वाचेना. रात्री अकराला आमच्या वॉर्डातला फोन वाजला. आमचा वॉर्डातला कार्यकर्ता स्वतः कधीकाळी गर्दवर होता, आता कित्येक वर्षं स्वच्छ आहे. तो स्कूटर काढून चौकीत गेला. त्यानंतर पैरवीच्या त्याच हवालदाराने आम्हाला सुचवलं की डॉक्टरांच्या शिक्क्याचं पत्र आधीच ठाण्यात द्या, स्टेशन डायरीला नोंद करून घ्या आणि पोच खिशात ठेवायला सांगा. तेव्हापासून घरी गोळी देण्याआधी आम्ही प्रत्येक वेळी हे करतो.

तारखांचंही असंच एक किरकोळ वाटणारं लफडं. आमची डोसची वेळ सकाळची आणि कोर्टात पुकाराही सकाळीच. डोस घेऊन निघाला तर पुकारा चुके, पुकारा गाठला तर डोस चुके. ही गोष्ट कोणत्याही आदेशात येणार नाही. बेंच क्लार्कला सांगितलं तर त्याने प्रकरण दुपारच्या सत्रात घ्यायला सुरुवात केली.

आता पीओ मॅडम. परिविक्षा अधिकाऱ्यांना सगळे पीओच म्हणतात. महिला व बालविकास खात्याचं हे पद, आणि एकेका अधिकाऱ्याच्या अंगावर काम इतकं की विचारू नका: विधिसंघर्षग्रस्त मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल, कोर्टाची प्रोबेशनची प्रकरणं, वर खात्याच्या बैठका. तरी ह्या बाई घरी जायच्या. पहिल्या खेपेला त्यांच्यासोबत गणवेशातला शिपाई होता, आणि चाळीत दुसऱ्या दिवसापासून आईला पाण्याच्या नळावर टोमणे. आईने मला सांगितलं, मी मॅडमना. पुढच्या वेळी त्या एकट्या गेल्या, मुलाच्या मावशीच्या ओळखीची म्हणून.

आमचं वाजलं ते दुसऱ्या गोष्टीवरून. त्यांनी माझ्याकडे समुपदेशनाच्या नोंदी मागितल्या. तो काय बोलला, कोणाकडून माल घेतो, घरात काय झालं, सगळं. त्यांच्या बाजूने बघितलं तर मागणी रास्त होती; कोर्ट उद्या त्यांनाच विचारणार. पण मी नोंदी दिल्या असत्या तर तो पुढच्या सत्रात गप्प बसला असता, आणि त्याच्यासारखे आणखी सहा जण गप्प बसले असते. विक्रेत्याचं नाव एकदा फाइलमध्ये गेलं की ते कुठवर जाईल याची खात्री मी देऊ शकत नव्हते.

अमेरिकेत मायामीला १९८९ मध्ये व्यसनी आरोपींसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं. त्या धर्तीच्या कोर्टांत सुनावणीच्या आधी न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, प्रोबेशनवाले आणि उपचार करणारे एका टेबलाभोवती बसून प्रत्येक माणसाबद्दल बोलतात. आपल्याकडे असं टेबल नाही. आम्ही कोर्टाच्या कँटीनमध्ये बसलो: पीओ मॅडम, वकील मॅडम आणि मी. डॉक्टर फोनवर. वकील मॅडमनी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची आठवण करून दिली. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोवस्था त्या कायद्यात येतात आणि कलम २३ पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचं आहे. अपवाद आहेत, पण सहकाऱ्याला हवंय हा त्यातला अपवाद नाही.

चहा गार होईपर्यंत वाद चालला. शेवटी एका पानाचा नमुना ठरला. त्यात हजेरी, औषध, लघवीच्या तपासणीचा निकाल आणि डॉक्टरांच्या शब्दांत त्याचा अर्थ, कामधंदा, पुढची भेट. सत्रात काय बोलला त्यातलं काही नाही. अपवाद एकच: जिवाला धोका, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या. आणि हे पान मुलाला वाचून दाखवायचं, त्याची सही घ्यायची, मगच पाठवायचं. पीओ मॅडम म्हणाल्या, "मग मला घरी जे दिसेल ते मी माझं लिहीन, ते तुमच्याकडे येणार नाही." अगदी बरोबर. एकत्र काम करायचं म्हणजे सगळ्यांनी सगळं सगळ्यांना सांगायचं, अशी एक समजूत असते. माझ्या मते कोणी काय सांगणार नाही हे आधी ठरलं, म्हणून आमचं जमलं.

तपासणीच्या निकालाचा अर्थ डॉक्टरांनीच लिहायचा, हा आग्रह का धरला तेही सांगते. पट्टीवरची रेघ बघून कोणीही न्यायाधीश होतो. रोज गांजा ओढणाऱ्याची लघवी त्याने सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. हेरॉईन मात्र दोन-चार दिवसांत निघून जातं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी अफूजन्य पदार्थांची पट्टी पॉझिटिव्ह येते, कारण शरीरात कोडीनचं मॉर्फिन होतं. उलट ब्युप्रेनॉर्फिन त्या नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाही, त्याला वेगळी पट्टी लागते. आणि हल्ली मुंबई-ठाण्यात धुमाकूळ घालणारं एमडी (मेफेड्रोन) साध्या पट्ट्यांवर भरवशाने पकडलं जात नाही.

हे सगळं कामाला आलं, कारण पावसाळ्यात त्याची पट्टी पॉझिटिव्ह आली. त्याने लगेच खोकल्याच्या औषधाची बाटली पुढे केली. कोडीनचीच होती. पीओ मॅडमना शंका आली, मलाही आली. आमच्याकडे ते औषध बाटलीच्या बाटली रिचवणारे येतात. पुढच्या सत्रात तो स्वतःहून बोलला. औषध घेतलं होतं हे खरं, पण मार्केटमधल्या एका दोस्ताच्या लग्नाच्या आदल्या रात्री पन्नीही ओढली होती.

ही गोष्ट सत्रातली, म्हणजे ठरल्याप्रमाणे माझ्याकडून बाहेर जाणार नव्हती. मी त्याला एवढंच सांगितलं की डॉक्टरांना तू सांग, आणि पीओ मॅडमनाही तूच सांग, मी शेजारी बसेन. दोन दिवस तो टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. पीओ मॅडमनी ऐकून घेतलं. "मला खोटं बोलला असतास तर मी आजच रिपोर्ट केला असता," म्हणाल्या, आणि महिन्याच्या अहवालात घसरल्याचं आणि स्वतः कबूल केल्याचं दोन्ही लिहिलं.

कोर्टात आता काय होणार याची धाकधूक होती. बंधपत्र रद्द झालं असतं तर तो आत गेला असता. डॉक्टरांनी अहवालासोबत चार ओळी जोडल्या: काही महिने नशा बंद असलेल्या माणसाच्या शरीराची नशा सहन करण्याची ताकद उतरलेली असते, तुरुंगातून सुटून त्याने जुन्या मापाने ओढली तर श्वास थांबून मरण्याचा धोका मोठा. सरकारी वकिलांनी आमचाच आराखडा काढून त्यातलं घसरण्याबद्दलचं कलम न्यायाधीशांपुढे ठेवलं. "माय लॉर्ड, हे आधीच ठरलेलं आहे, त्याप्रमाणे चालू आहे," एवढंच. उपचार चालू राहिले, तारखा जवळजवळच्या पडल्या, आठवड्याला दोन तपासण्या ठरल्या.

पुढचे महिने कंटाळवाणे गेले, आणि या कामात कंटाळवाणं म्हणजे उत्तम. मुकादमाने त्याला पहाटेऐवजी दुपारची गाडी दिली. आई केंद्रातल्या कुटुंबीयांच्या गटात येऊ लागली आणि मुलाच्या खिशातले पैसे मोजणं तिने थांबवलं. याला फार वेळ लागला, खरं सांगायचं तर मुलापेक्षा जास्त.

वर्ष संपायच्या आत अहवाल गेला. न्यायाधीशांनी समज दिली, बंधपत्र घेतलं, सोडलं. तो अजून येतो. गोळीचा डोस उतरवायची डॉक्टरांना घाई नाही, त्याला आहे.

दरम्यान पीओ मॅडमची बदली झाली, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात गेले, पैरवीचा हवालदार निवृत्त झाला. आमच्याकडे कोर्टाचा दुसरा पेशंट आला आहे, आणि नव्या परिविक्षा अधिकाऱ्यांनी पहिल्याच पत्रात समुपदेशनाच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती मागितल्या आहेत. मी तो एका पानाचा नमुना आणि कलम २३ ची प्रत जोडून उत्तर पाठवलंय, आणि खाली विचारलंय की पुढच्या तारखेला कँटीनमध्ये अर्धा तास मिळेल का.